आम्हा दोघांची कावीळ

सुदाम गेल्याचं मला फोनवर कळलं, आणि तो फोनही आमचा नव्हता. नवीन जालन्यात आमच्या शाळेसमोर बियाण्याच्या एका कंपनीचं ऑफिस आहे. निकडीचा निरोप असला की तिथला शिपाई रस्ता ओलांडून शाळेत येतो. मी नववीच्या वर्गावर चुंबकाचा धडा घेत होतो. शिपाई दारात उभा राहिला, मुलांसमोर काही बोलेना, नुसता हातानं या म्हणाला... समजायचं ते तेव्हाच समजलो. तरी मी आधी फळा पुसला, खडू पेटीत ठेवला, मुलांना पुढचा उतारा वाचायला सांगितला. फोनवर परतूरच्या कापूस खरेदी केंद्रातले सुदामचे सहकारी होते. "मास्तर, सुदामभाऊ गेले. आत्ताच, अकराच्या सुमाराला. मायजवळ बाया बसून राह्यल्यात, पण तुम्ही जल्दी या," म्हणाले. दुपारची गाडी मिळाली. त्या प्रवासातलं एवढंच आठवतं की समोरच्या बाकावरचा माणूस संत्रं सोलत होता आणि त्यानं न विचारता अर्ध्या फोडी माझ्या हातावर ठेवल्या. मी त्या खाल्ल्या. भाऊ जाऊन तीन तास झाले होते आणि मला भूक लागली होती. हे लिहायला लाज वाटते, पण या लेखात खोटं लिहायचं नाही असं ठरवून बसलो आहे. एकदा खोटं बोलून झालं आहे, तेवढं पुरे.

सुदाम माझा धाकटा भाऊ, माझ्याहून पाच वर्षांनी लहान. आमचं गाव वडीगोद्रीपासून चार कोसांवर. वडील, म्हणजे आमचे आबा, दुसऱ्याच्या शेतात सालानं राबायचे. माय खुरपायला जायची आणि मी सुदामला कडेवर घेऊन शेळ्या राखायचो. तो चालायला लागला तरी मला त्याला कडेवर घ्यायची सवय राहिली आणि त्याला बसायची. "उतर की आता, बैलाएवढा झालास," म्हटलं की माझ्या गळ्यात हात घट्ट करायचा. शाळेत मी पाढे पाठ करायचो तेव्हा तो माझ्या मांडीला टेकून ऐकायचा, आणि मी अडलो की पुढचा आकडा तोच सांगायचा. मास्तर व्हायला हवा होता तो. पण मास्तर झालो मी, कारण मी थोरला, आणि दोघांना शिकवण्याएवढी ऐपत आबांची नव्हती. तो दहावीनंतर थांबला. त्याबद्दल त्यानं मला कधी एका शब्दानं टोचलं नाही, आणि न टोचणाऱ्या माणसाचं जास्त लागतं हे मी तेव्हापासून जाणतो.

मी अकरा वर्षांचा असताना मला कावीळ झाली. हा शब्द मी आज पंचवीस-सव्वीस वर्षांत पहिल्यांदा लिहितो आहे. वाचणाऱ्याला यात विशेष काही दिसणार नाही, म्हणून खुलासा करतो. माझे डोळे पिवळे झाले, अन्नावरची वासना गेली, तेव्हा मायनं मला अंबडकडच्या एका म्हाताऱ्याकडे नेलं. तो कावीळ उतरवायचा. कसल्याशा काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्यात गुंफून त्यानं माझ्या डोक्यावर एक लहानशी माळ ठेवली. काड्या वाळत जातात तशी माळ सैल होते, लांबत लांबत गळ्यात उतरते, आणि एक दिवस पायातून आपोआप निघून जाते. माळ गेली की दुखणं गेलं. तोवर जेवणात हळद नाही, अंगावर पिवळं नाही. आणि शेवटची अट अशी की दुखणं उतरलं की त्या घरातल्या कुणी जन्मात त्याचं नाव घ्यायचं नाही. नाव घेतलं की ते जागं होतं, आणि परतून येतं. माळ लांबताना बघायला सुदाम दिवसभर माझ्यामागं हिंडायचा. "दादा, छातीपस्तोर आली," "दादा, आता बेंबीपस्तोर..." शेवटी ती वाहत्या पाण्यात सोडली तेव्हा तो रडला. त्याला ती पाहिजे होती.

पुढं छप्पन साल आलं. आबांनी गावातल्या बाकीच्यांबरोबर दीक्षा घेतली. घरातले टाक, देवीचा मुखवटा, कोनाड्यातला शेंदूर लावलेला दगड, सगळं एका टोपलीत भरून ते नदीवर गेले आणि रिकामी टोपली घेऊन आले. त्या दिवसापासून मायनं एकही उपवास केला नाही, अंगात येणाऱ्या बाईच्या घराकडं पाहिलंही नाही. पण कावीळ हा काही देव नव्हता. टोपलीत भरण्याजोगं तिचं काहीच नव्हतं. त्यामुळे ती तेवढी घरात राहून गेली, आणि तिच्या मागं ती न बोलण्याची अटही. आबांच्याही ते कधी ध्यानात आलं नाही. घरात तो विषय निघालाच तर माय "ते" म्हणायची. "बापूला ते झाल्तं त्या साली," एवढंच; बापू म्हणजे मी.

माझी स्वतःची गंमत सांगतो. मी विज्ञानाचा मास्तर. अंधश्रद्धेवर माझ्याइतकं कडक बोलणारा माणूस आमच्या शाळेत दुसरा नाही. मुलं माझी नक्कल करतात. पण यकृताचा धडा आला की मी "यकृताचा दाह" म्हणायचो, आणि पुस्तकात तो तीन अक्षरी शब्द आला की पहिल्या बाकावरच्या मुलाला उठवून वाचायला लावायचो. मला याची लाज वाटत नव्हती, कारण मला ते माहीतच नव्हतं. मी असं करतो हे सुदामच्या आजारानंतर, मागं वळून बघताना, माझ्या लक्षात आलं.

सुदाम परतूरला कापूस खरेदी केंद्रात ग्रेडर होता. गाडीतून मूठभर कापूस घ्यायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून हलकेच ओढायचा, तंतू किती लांब निघतो ते बघायचा आणि प्रत सांगायचा. मोजपट्टी लावून बघितलं तरी तेच निघायचं. पहाटेपासून बैलगाड्यांची रांग लागायची. आमच्या गावचे एक बडे जमीनदार, ज्यांच्या वाड्याच्या ओट्यावर आबा कधी चढले नाहीत, तेही गाडी घेऊन रांगेत असायचे आणि सुदामच्या तोंडाकडं बघत उभे राहायचे. मी एकदा त्याला म्हटलं, "एखाद्या वेळी एक प्रत खाली लावून बघ, कसं तोंड करतात." तो म्हणाला, "कापसानं काय केलंय, दादा?" माय त्याच्याकडंच परतूरला राहायची. आबा वारल्यावर त्यानं स्टेशनमागं दोन खोल्यांचं घर बांधलं होतं. त्याच्यासाठी मुली बघणं सुरू होतं. परभणीची एक मुलगी जवळजवळ ठरली होती.

तेवढ्यात आणीबाणी उठली त्या सालच्या उन्हाळ्यात त्याचा चेहरा सुजू लागला. आधी वाटलं जागरण, मग वाटलं ऊन बाधलं. औरंगाबादच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की दोन्ही मूत्रपिंडं जवळपास संपली आहेत. दक्षिणेत एका मोठ्या दवाखान्यात मूत्रपिंड बदलण्याची शस्त्रक्रिया होते, देणारा रक्ताच्या नात्यातला असला तर बरं. मायचा रक्तगट जुळेना. माझा जुळला. माझ्या बायकोनं दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी माझी बॅग भरून दिली. आम्ही दोघं छोट्या लाइनीच्या गाडीनं सिकंदराबादला गेलो, तिथून पुढं. सुदामला तेव्हा दिवसाला दोन कप पाण्याची परवानगी होती. दर स्टेशनावर लोक नळाखाली ओंजळ धरायचे आणि हा खिडकीतून नुसता बघत बसायचा. मी त्याच्यासमोर पाणी प्यायचो नाही. त्याला ते कळलं आणि तो चिडला. "तू कायला सुकून राह्यला? तुझी किडनी मला ओली पाहिजे," म्हणाला.

दवाखाना फार चांगला होता, आणि तिथल्या लोकांना या लेखात कुठंही दोष नाही. दीड महिना सुदामचं रक्त यंत्रातून धुतलं जात होतं. माझ्या तपासण्या चालल्या होत्या. रक्त, लघवी, फोटो, पुन्हा रक्त. एका सकाळी तरुण डॉक्टर हातात कागद घेऊन सुदामच्या खाटेशी आले. मी स्टुलावर बसलो होतो. सुदाम डोळे मिटून पडला होता, झोपला असावा. डॉक्टरांनी इंग्रजीत आणि तोडक्यामोडक्या हिंदीत मला एकेक विचारलं. मधुमेह? नाही. क्षय? नाही. रक्तदाब? नाही. "पीलिया? कभी हुआ, बचपन में?" मी म्हटलं, नाही. त्यांनी खूण केली आणि पुढचा प्रश्न विचारला. एवढं सोपं होतं ते. गाडी रुळावरून जाते तसं माझं तोंड पुढं गेलं.

मी नाही का म्हटलं, यावर मी इतका विचार केला आहे की आता त्यातलं खरं कोणतं ते मलाच सांगता येत नाही. कधी वाटतं जिभेची सवय. कधी वाटतं, त्या इंग्रजी बोलणाऱ्या डॉक्टरांपुढं माळेची गोष्ट सांगायची शरम. कधी वाटतं, हो म्हटलं तर मला बाद करतील आणि सुदाम मरेल ही भीती. हे सगळं थोडं थोडं असेल. आणि तळाशी, मी कितीही नाकारलं तरी, अंबडकडचा तो म्हातारा असेलच. ज्याच्यावर माझा विश्वास नव्हता त्याच्या सांगण्यावरून मी गप्प बसलो. विश्वास असता तर निदान तसं म्हणता तरी आलं असतं.

शस्त्रक्रिया झाली. माझ्या डाव्या अंगातलं काढून त्याच्या पोटात उजवीकडं खाली बसवलं. दुसऱ्या दिवशी नर्सबाई हसत हसत सांगत आली की तुमच्या भावाला लघवी झाली, भरपूर झाली. आयुष्यात इतकी आनंदाची बातमी मी ऐकली नव्हती, आणि ती लघवीची होती. परत येताना सुदाम दर स्टेशनावर उतरला. पार सिकंदराबादपासून परतूरपर्यंत एक नळ त्यानं सोडला नाही. कुठलं पाणी गोड, कुठलं मचूळ, याची प्रत सांगत आला. त्याला रोज गोळ्या घ्याव्या लागायच्या. दुसऱ्याचं मूत्रपिंड शरीर परकं मानतं आणि फेकून द्यायला बघतं. ते होऊ नये म्हणून शरीराचा पहाराच ढिला करायचा, असं त्या गोळ्यांचं काम. त्यांनी त्याचा चेहरा गोल झाला, गाल वर आले. माय हरखली. "माझं लेकरू भरलं," म्हणायची. तो हंगामाला केंद्रावर रुजू झाला. मला पत्र लिहायचा, "तुझी किडनी अगदी मास्तरकीची हाय. पहाटे चारला उठवती आणि मंग निजू देत न्हाई." दीड वर्ष. माणसाला दीड वर्षात किती सुख होऊ शकतं ते मी बघितलं. परभणीच्या मुलीचं दुसरीकडं लग्न झालं होतं, त्याचंही त्याला फार वाटलं नाही, किंवा वाटलं असेल तर त्यानं मला सांगितलं नाही.

या सालच्या पावसाळ्यात तो जालन्याला आमच्याकडं आला. दारात उभा होता, मागं उजेड होता, म्हणून आधी कळलं नाही. आत येऊन बसला आणि मी त्याचे डोळे बघितले. माझ्या बायकोनं विचारलं, "भावजी, डोळे असे का हो?" मी त्याच क्षणी ओळखलं होतं आणि तरी माझ्या तोंडून तो शब्द निघेना.

औरंगाबादच्या डॉक्टरांनी त्याचं रक्त मुंबईला पाठवलं. यकृताच्या दाहानं होणाऱ्या काविळीचे प्रकार असतात. एक पाण्यातून येते आणि जाते. दुसरी रक्तातून येते, आणि काही माणसांच्या अंगात काहीच त्रास न देता वर्षानुवर्षं मुक्काम करते. त्या दुसरीची खूण रक्तात शोधता येते, तिला ऑस्ट्रेलिया अँटिजन म्हणतात, असं डॉक्टरांनी मला कागदावर लिहून दाखवलं. सुदामच्या रक्तात ती सापडली. मग त्यांनी माझं रक्त मागवलं. पहिल्यांदा काही नाही, दुसऱ्यांदा अगदी पुसटसं, तिसऱ्यांदा स्पष्ट. मी त्यांच्यासमोर बसलो होतो. म्हटलं, "तिकडं ही तपासणी झाली होती. काही सापडलं नव्हतं." ते म्हणाले, "मास्तर, मात्रा कमी असली की सापडत नाही. चाचणी अजून नवी आहे. म्हणून तर आम्ही तोंडानंही विचारतो." मी विचारलं, "हो म्हटलं असतं तर?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "पुन्हा पुन्हा तपासलं असतं. कदाचित दुसरा देणारा शोधला असता, मिळाला असता की नाही देव जाणे. आणि हे तुमच्याकडूनच गेलं असं तरी कसं म्हणू? त्याला बाटल्यांतून रक्त दिलंय, यंत्रावर ठेवलंय. कुठूनही येतं ते." भला माणूस. मला एक फट ठेवून देत होता. पण माझ्या रक्तातली खूण मी वाचली होती, आणि फटीतून जाण्याएवढा मी बारीक नव्हतो.

पुढचा पेच मी शाळेतल्या मुलांना कधी समजावून सांगू शकणार नाही. पहारा ढिला करणाऱ्या गोळ्या चालू ठेवल्या तर कावीळ मोकाट सुटते. त्या बंद केल्या तर शरीर माझं मूत्रपिंड फेकून देतं. डॉक्टर गोळ्या थोड्या कमी करायचे, पुन्हा थोड्या वाढवायचे, आणि दर वेळी माझ्याकडं बघायचे, जणू मला काही सुचत असेल. सुदामचं पोट पाण्यानं भरलं, हातपाय काटक्या झाले. मूत्रपिंडाला मात्र काही झालं नाही. ते शेवटच्या दिवसापर्यंत नेमानं काम करत होतं. दवाखान्यात आणखी करण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा तो म्हणाला, परतूरला चला. मायनं वरणात हळद घालणं बंद केलं. पांढरं वरण, पांढरी भाजी. सुदाम ताटाकडं बघून हसला, पण तिला विचारलं नाही.

तो गेला त्याच्या आधीच्या रविवारी मी त्याच्याजवळ होतो. दुपारी त्याला अंगणात उन्हाला बसवलं होतं. माय पाणी आणायला गेली होती. मी ठरवून गेलो होतो, आज सांगायचं. पण कसं सुरू करावं कळेना. म्हटलं, "सुदाम, तुला एक सांगायचंय... तिकडं त्या डॉक्टरांनी मला—"

"मी जागाच होतो," तो म्हणाला.

मला आधी समजलंच नाही. तो अंगणातल्या कोंबडीकडं बघत सावकाश बोलत होता, मधे मधे दम घेत. "डागदर आल्ता, तुला इचारून राह्यल्ता, तवा मी जागा होतो. मी डोळे मिटून पडलो होतो. त्यानं इचारलं, पीलिया. मला सगळं आठवलं बघ. तुझी माळ, बेंबीपस्तोर आल्ती ती... आणि तू न्हाई म्हणलास." मग म्हणाला, "मला बोलता आलं असतं. मी डोळे उघडले न्हाईत. म्हणलं, दादा हो म्हणला तर मंग मला कोण देणार? मला लई जगायचं होतं, दादा."

मी म्हटलं, "मी सांगायला पाहिजे होतं. मी थोरला."

"तू इसरून बोलला न्हाईस, नाहीतर भिऊन. मी जाणून बोललो न्हाई." त्यानं माझ्या हातावर हात ठेवला. हात गरम होता. "दोघं बी होतो तिथं. तू एकल्यानं घेऊ नको. आणि दीड वर्ष पाणी प्यायलो की मी. पोटभर."

माय घागर घेऊन आली आणि मी उठून ती उतरवून घेतली. मला त्या दिवशी हलकं वाटलं, हे कबूल करतो. परतीच्या गाडीत मला गाढ झोप लागली, कित्येक महिन्यांनी. गुरुवारी तो गेला. आणि तेव्हा कळलं की तो माझं अर्धं ओझं उचलून घ्यायला तयार होता ते जिवंत असेपर्यंतच. गुपित दोघांत असलं की त्याला सोबत म्हणता येतं. आता ज्याच्याबरोबर ते होतं तो नाही. माझी बायको समजूत घालते, डॉक्टरांनी पत्र लिहून धीर दिला, शाळेतले सहकारी म्हणतात तुम्ही तर भावासाठी अंगाचा तुकडा दिलात. जलदानविधीला भन्तेजींनीही माझ्या दानाचं कौतुक केलं. सगळे जमिनीकडं बघत माना डोलावत होते आणि मला उठून जावंसं वाटत होतं. हे कौतुक ऐकून ज्याच्याकडं बघून हसावं असा एकच माणूस होता.

हे सगळं पेपरात का लिहितो, असं कुणी विचारील. एक तर, आता असे दवाखाने वाढतील, भाऊ भावाला, आई लेकाला देईल, आणि डॉक्टर सगळ्यांना तोच प्रश्न विचारतील. आपल्याकडं घरोघरी असं काहीतरी असतं ज्याचं नाव घेत नाहीत. ते तिथं घ्या, मोठ्यानं घ्या, एवढंच सांगायचं आहे. दुसरं म्हणजे, माय वाचत नाही. ती वाचत असती तर मी लिहिलं नसतं. परतूरच्या वाचकांना माझी हात जोडून विनंती आहे की हा लेख कुणी तिला वाचून दाखवू नये. का, ते सांगतो.

गेल्या रविवारी मी परतूरला गेलो होतो. माय जालन्याला यायला तयार नाही, एकटीच राहते. सुदामच्या खोलीत तिनं काही हलवलेलं नाही. खुंटीला त्याचे सदरे, खिडकीशी त्याची बाज. त्या बाजेवर ती कुणाला बसू देत नाही, विधीला आलेल्या पाहुण्यांना सुद्धा तिनं उठवलं होतं. जेवण झालं. ती उंबऱ्यावर बसली होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "बापू, एक इचारू? खरं सांगशील?"

"इचार."

"तकडं त्या दवाखान्यात... डागदरनं तुला इचारल्तं का? लहानपणचं?"

मी म्हटलं, "इचारल्तं."

"मंग?" तिचा आवाज बारीक झाला. "तू त्याचं नाव घेतल्तंस का?"

तेव्हा मला कळलं की इतके दिवस ती काय उगाळत बसली आहे. तिच्या मनात होतं की मी तिथं ते नाव घेतलं, ते जागं झालं, मला शोधत आलं, आणि माझा तुकडा ज्याच्या पोटात होता त्याला धरून बसलं. मी आणि माय, दोघांचं म्हणणं एकच होतं, की ते माझ्यातून त्याच्यात गेलं. तोंड मिटलं म्हणून, की उघडलं म्हणून, एवढाच फरक. तिला खरं काय ते समजावून सांगावं असं एकदा मनात आलं. मी मास्तर आहे, समजावणं हा माझा धंदा आहे. पण मग तिला कळलं असतं की तिनं पाळायला लावलेल्या गोष्टीनं काय केलं. सत्तरीची बाई, एकटी, या घरात... मी म्हटलं, "न्हाई माय. नाव न्हाई घेतलं मी."

"घेतलं न्हाईस?"

"न्हाई. बिलकुल न्हाई."

ती उठून माझ्याजवळ आली, तोंडावरून हात फिरवला. "मंग तुझ्याकडनं कायबी चुकलं न्हाई, लेकरा," म्हणाली. "तू पाळलंस. मंग त्याचं आयुष्यच तेवढं होतं." आणि पदरानं डोळे पुसत आत बघून म्हणाली, "थकलास. जा, त्याच्या बाजंवर पड जरा."

मी आत जाऊन बाजेवर टेकलो. सुदाम दीड वर्ष एकाच कुशीवर झोपत होता, डाव्या, उजवीकडच्या मूत्रपिंडावर भार नको म्हणून. त्यामुळे बाजेची सुंभं एका बाजूनं सैल होऊन तिथं त्याच्या अंगाएवढा खड्डा पडला आहे. त्यात पडायचं तर डाव्या कुशीवरच पडावं लागतं, आणि माझ्या टाक्यांचा वण डावीकडंच आहे. दुखला. तरी मी कूस बदलली नाही. बाहेर माय भांडी घासत होती, आणि पुष्कळ दिवसांनी तिच्या हातांना पहिल्यासारखा वेग आला होता.